सैल दोरी : घोड्याची पारख आणि मोतद्दाराचा हात

एखाद्या व्यवहारांतील झांकलेला दोष दाखवावयाचा असला म्हणजे मराठी माणूस 'यांतली खरी गोम निराळीच आहे' असें सहज बोलून जातो. हा शब्द घोड्यांच्या बाजारांतून घरांत शिरला आहे हें त्याच्या ध्यानीं नसतें. घोड्याच्या अंगावर केसांची उलटी, गोमेसारखी दिसणारी जी ओळ असते तिला अश्वपरीक्षक गोम म्हणत व तें एक अशुभ लक्षण मानीत. विकणाराला ती दिसूं द्यावयाची नसे आणि घेणाराला ती शोधावयाची असे. 'घोडामैदान जवळच आहे' ही म्हणहि त्याच बाजारांतली. घोड्याची तारीफ तोंडानें कितीहि करा, मैदान जवळ आहे, तेथें काय तें कळेल, असा तिचा रोख आहे.

घोड्याच्या सौद्यांत विकणारा व घेणारा हे दोघे सर्वांना दिसतात. तिसरा एक माणूस घोड्याच्या डाव्या खांद्याशीं, दोरी धरून उभा असतो, आणि त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. त्याला कोणी मोतद्दार म्हणतात, कोणी सईस म्हणतात. वास्तविक घोडा काय किंमतीचा आहे हें घेणाराच्या डोळ्यांना या तिसऱ्या माणसाच्या हातांतूनच दिसत असतें. दख्खनच्या इतिहासांत या हाताचें काम फार मोठें आहे.

घोडा ओळखणें ही विद्या या देशांत फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नांवावर अश्वशास्त्राचे ग्रंथ चालत आले. अज्ञातवासांत नकुलानें विराटाच्या पागेंत चाकरी धरली. परंतु मोतद्दाराच्या नजरेचें उत्तम उदाहरण नळाख्यानांत आहे. राज्य गमावलेला नळ बाहुक या नांवानें ऋतुपर्ण राजाच्या पदरीं सारथ्य करूं लागला. एका दिवसांत विदर्भ गांठावयाचा होता, तेव्हां त्यानें पागेंतून हडकुळे घोडे निवडून काढले. राजा संतापला, त्याला गुबगुबीत अंगाचे घोडे हवे होते. बाहुकानें मात्र त्यांच्या अंगावरचे भोंवरे व त्यांचे अवयव पाहिले होते. राजानें मांस पाहिलें आणि चाकरानें घोडा पाहिला. पुढें रथ कसा धांवला हें सर्वांस ठाऊकच आहे. शास्त्रांतील शुभ-अशुभ भोंवऱ्यांवर आज कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, त्या भोंवऱ्यांच्या निमित्तानें परीक्षक घोड्याच्या अंगाचा तसू न् तसू न्याहाळीत असे, हा त्यांतला खरा लाभ होता.

या विद्येला राज्यकारभाराचें रूप कसें आलें हें पाहावयाचें तर आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे वळावें लागतें. १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें खडकी येथें हें शहर वसविलें. मलिक अंबर हा मूळचा हबशी. लहानपणीं तो स्वतःच बाजारांत एकाहून अधिक वेळां विकला गेला होता. त्यानें मराठे बारगिरांच्या चपळ घोडदळाच्या बळावर मोंगलांना वर्षानुवर्षें झुंजविलें. तो १६२६ सालीं वारल्यावर मुलगा फत्तेखान यानें शहराला फत्तेनगर म्हटलें, आणि १६५३ सालीं दख्खनचा सुभेदार होऊन दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबानें त्याला औरंगाबाद हें नांव दिलें. मोंगलांच्या दख्खनचें हें मुख्य ठाणें झालें आणि त्याबरोबर येथें घोड्यांचे हिशेबहि आले.

मोंगलांच्या फौजेंत प्रत्येक मनसबदारानें ठरलेल्या संख्येचे स्वार ठेवावे असा नियम असे. परंतु पगार पुऱ्या स्वारांचा घ्यावयाचा आणि हजिरीच्या दिवशीं भाड्याचीं तट्टें आणून उभीं करावयाचीं, ही लबाडी फार जुनी होती. तिला आळा घालण्यासाठीं अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांना डाग देण्याची व स्वारांचे चेहरे लिहून ठेवण्याची वहिवाट घातली होती. शेरशहानें ती पुन्हा सुरू केली, आणि १५७३-७४ च्या सुमारास अकबरानें ती पक्की केली. चेहरा म्हणजे वर्णनाचा कागद. त्यांत स्वाराचें नांव, बापाचें नांव, वर्ण व तोंडावरील खुणा लिहीत, आणि त्याच कागदावर घोड्याचा रंग, त्याच्या अंगावरच्या खुणा व दिलेला डाग यांची नोंद होई. शहाजहान व औरंगजेब यांच्या अमदानींतले असे हजारों कागद एके काळीं औरंगाबादेच्या किल्ले अर्कांत पडून होते. पुढें ते हैदराबादच्या दप्तरखान्यांत नेण्यांत आले. त्या कागदांत कोणत्या घोड्याचा रंग कोणता हें तीनशें वर्षांनंतरहि वाचावयास मिळतें. तो घोडा हजिरींत धरून उभा करणाऱ्या मोतद्दाराच्या नांवाला त्या नमुन्यांत रकाना नव्हता.

अबुल फजलानें 'ऐन-ए-अकबरी'मध्यें बादशाही पागेंतील चाकरांची यादी दिली आहे, ती वाचण्यासारखी आहे. चाबूकस्वार, घोड्यांचा वैद्य, नालबंद, पाणक्या, दृष्ट लागूं नये म्हणून धुपाचे दाणे जाळणारा, इतके निरनिराळे लोक तींत आहेत. आणि दोन घोड्यांमागें एक सईस आहे. त्यांतच दीदावर नांवाचा एक हुद्देदार आहे. दीदावर म्हणजे पाहणारा. घोडा पाहावयाचा आणि त्याचा दर्जा ठरवावयाचा, एवढेंच त्याचें काम. नुसत्या नजरेसाठीं पगार देणारें राज्य त्या नजरेची किंमत जाणत होतें, असेंच म्हणावें लागेल. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्थाहि अशीच काटेकोर होती. सभासदाच्या बखरीप्रमाणें पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा हेंच त्याचें भांडवल होतें. तो मेला तर घराची भाकर धोक्यांत येई. म्हणून घोडा विकत घेतांना फसणें ही त्याच्या दृष्टीनें नुसती चूक नव्हती, ती एक आपत्ति होती.

घोडे मुबलक असते तर ही पारख इतकी मोलाची झाली नसती. परंतु उत्तम घोडा दख्खनला बहुधा समुद्रावरून येई. अरबस्तान व इराणकडचे घोडे होर्मुझहून गलबतांत घालून पश्चिम किनाऱ्यावर आणीत. गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यावर या व्यापारावरील जकात हें त्यांच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन झालें, आणि विजयनगर व विजापूर हीं दोन्ही दरबारें त्या घोड्यांसाठीं गोव्याच्या तोंडाकडे पाहत राहिलीं. त्याआधीं तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या प्रवाशानें तामिळ किनाऱ्यावरील एक चमत्कारिक गोष्ट नोंदवून ठेविली आहे. तेथील राजे दरसाल घोड्यांवर अपार द्रव्य खर्च करीत, आणि निगा राखण्याचें ज्ञान नसल्यामुळें बहुतेक घोडे मरून जात. घोड्यांचे व्यापारी आपल्याबरोबर नालबंद वा जाणते लोक येऊं देत नसत, कारण घोडे मेल्याशिवाय पुढच्या सालीं नवे खपणार कसे? व्यापाऱ्यांनीं घोडा विकला, पण विद्या विकली नाहीं. दोरी धरणारा माणूस घोड्याइतकाच मोलाचा आहे हें त्या धूर्त व्यापाऱ्यांना राजांच्या आधीं समजलें होतें.

पेशवाई बुडाल्यावरहि मराठवाड्यांत शिलेदारीची पद्धत बराच काळ टिकली. निजामाच्या खर्चानें इंग्रज अधिकाऱ्यांखालीं उभ्या राहिलेल्या हैदराबाद कंटिंजंटचें घोडदळ याच पद्धतीचें होतें आणि औरंगाबाद हें त्याच्या छावण्यांपैकीं एक होतें. १८५७ च्या जूनमध्यें तेथील पहिल्या रिसाल्यांत बंडाची ठिणगी पडली व ती कठोरपणें विझविण्यांत आली. १९०३ सालीं हें दळ हिंदी सैन्यांत मिळविलें गेलें आणि त्याच्या एका पथकाला विसावें डेक्कन हॉर्स असें नांव मिळालें. १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांत या पथकानें भाले रोखून चाल केली. मशीनगनच्या त्या युगांत घोडदळाच्या अशा चाली अगदीं विरळा झाल्या होत्या.

शिलेदार घोडा घेई तो बहुतेक यात्रेंत किंवा घोडे घेऊन फिरणाऱ्या हेड्याकडून. नांदेड जिल्ह्यांत माळेगांवीं मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते, आणि तापीकांठीं सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. या दोन्ही ठिकाणीं घोड्यांचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथें घोडा पाहण्याची एक ठराविक रीत आहे. जाणता माणूस प्रथम घोड्याजवळ जातच नाहीं. तो दुरून, घोडा आपल्याच नादांत उभा असतांना पाहतो. कोणता पाय तो पुनःपुन्हा उचलून विसावा देतो, कान कोठें आहेत, शेजारच्या जनावराला लाथ झाडतो कीं काय, हें सारें त्याला अशा वेळीं कळतें. मग तो जवळ जाऊन चारी पायांच्या नळ्यांवरून हात फिरवितो; एका पायाची नळी दुसरीहून ऊन लागली कीं आंत कांहीं दुखावलें आहे असें समजतो. खूर उचलून पाहतो. शेवटीं ओठ वर करून दांत पाहतो.

धर्माच्या गायीचे दांत कोणी पाहत नाहीं, पण पैसे मोजून घेतलेल्या घोड्याचे पाहावेच लागतात. घोड्याचे पुढचे दुधाचे दांत सुमारें अडीचव्या वर्षीं मधली जोडी, साडेतिनाव्या वर्षीं दुसरी जोडी, आणि साडेचाराव्या वर्षीं कडेची जोडी अशा क्रमानें पडून पक्के दांत येतात. पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. त्यानंतर दांतांच्या माथ्यावरील खळगे झिजत जातात. खालच्या दांतांपैकीं मधल्या जोडीचे खळगे सहाव्या, दुसऱ्या जोडीचे सातव्या आणि कडेच्या जोडीचे आठव्या वर्षाच्या सुमारास बुजतात. म्हणून म्हातारा घोडा तरुण करून विकणारे लबाड लोक दांतांवर नवे खळगे कोरून त्यांना डाग देत. ही युक्ति इंग्लंडांतहि चांगलीच प्रसिद्ध होती. परंतु दांतांचा आकार व तिरपेपणा वयाप्रमाणें बदलतो, तो कांहीं कोरतां येत नाहीं.

पारख झाल्यावर भाव ठरतो तोहि मुक्यानेंच. दलाल व गिऱ्हाईक यांचे हात एका रुमालाखालीं जातात. शेंकडा कीं हजार हें आधीं समजलेलें असतें. जितकीं बोटें धरावीं तितका आंकडा, आणि पांचहि धरलीं तर पांच. भोंवतीं पन्नास माणसें उभीं असतात, पण कोणी काय मागितलें व कोणी काय देऊं केलें याचा पत्ता कोणाला लागत नाहीं. चेहऱ्यावर एक रेघ हलूं न देतां बोटांनीं बोलणें ही एक स्वतंत्र कलाच आहे.

इंग्लंडांत याच्या उलट, भाव चारचौघांत ओरडून ठरविण्याची रीत पडली. तेथें सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन पौर्वात्य घोड्यांपासून शर्यतीच्या शुद्ध बीजाची जात तयार झाली, आणि १७९१ पासून तिच्या वंशावळीची नोंदवही छापली जाऊं लागली. या घोड्यांच्या लिलावाची सर्वांत नामांकित पेढी १७६६ सालीं लंडन शहरीं रिचर्ड टॅटरसॉल यानें काढली. हा गृहस्थ पूर्वीं एका ड्यूकच्या पागेवर मुख्य मोतद्दार होता. ज्याच्या हातानें घोडे धरले होते त्याच्याच शब्दावर अमीर-उमराव बोली लावूं लागले, याचें कारण त्याच्या सचोटीचा लौकिक हें होय.

ती रीत पुढें आपल्याकडेहि आली. मुंबईच्या शर्यतींत पूर्वीं बहुधा अरबी घोडे धांवत. विसाव्या शतकांत शुद्ध बीजाच्या घोड्यांची पैदास पुण्याच्या आसपास व इतरत्र होऊं लागली, आणि रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या विद्यमानें दोन वर्षांच्या शिंगरांचे लिलाव भरूं लागले. या लिलावांत मोतद्दाराचें काम पाहिलें तर माळेगांवच्या बाजारांतलीच विद्या अधिक बारकाईनें वापरलेली दिसते.

दोन वर्षांचें शिंगरूं म्हणजे अल्लड पोर. लिलावाआधीं कित्येक आठवडे मोतद्दार त्याला रोज हिंडवितो, खरारा करतो, कानांना व पायांना परक्या हातांची संवय लावतो. घोडा कां अडला आणि भाकरी कां करपली या जुन्या कोड्याचें 'न फिरविल्यामुळें' हें उत्तर येथें अक्षरशः खरें आहे. गिऱ्हाईक आलें कीं तो शिंगराला सपाट जागेवर असें उभें करतो कीं पाहणाराला चारी पाय एकाच वेळीं दिसावे. एका बाजूचे पाय किंचित् फांकलेले, दुसऱ्या बाजूचे किंचित् आंत. गिऱ्हाईक फिरून पलीकडे गेलें कीं ही मांडणी उलटावी लागते. दोरी ओढून हें साधत नाहीं; छातीकडे अगदीं हलकासा रेटा दिला कीं शिंगरूं आपण होऊन एक पाऊल बदलतें. मान फार वर धरली तर पाठ खोल दिसते, म्हणून ती स्वाभाविक उंचीवर ठेवावी लागते. कान पुढें यावे म्हणून तो गवताची एखादी काडी चुरगाळतो. आणि इतकें करून तो स्वतः समोर असा उभा राहतो कीं त्याची सावलीसुद्धां घोड्यावर पडूं नये.

खरी परीक्षा चालविण्याची. शिंगराला सरळ रेषेंत दूर न्यावयाचें आणि परत आणावयाचें. चांगला मोतद्दार घोड्याकडे न पाहतां समोर पाहून चालतो, आपली पावलें घोड्याच्या पावलांशीं जुळवितो, आणि वळतांना घोड्याला आपल्याकडे न ओढतां आपल्यापासून दूर वळवितो, म्हणजे त्याचा तोल जात नाहीं. या सर्व वेळीं दोरी सैल असते. या सैल दोरींतच सगळें मर्म आहे. पुढचा पाय दुखत असला तर तो जमिनीवर टेकतांना घोडा डोकें वर झटकतो. लंगडेपणाची ही मुख्य खूण. दोरी आंखूड व ताठ धरली कीं डोकें हलत नाहीं आणि खूण लपते. तसेंच कांहीं घोडे आंखडलेले असतात, पण थोडें पळवून अंग तापविलें कीं तासभर मोकळे चालतात. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक घोडा ठाणावर थंड असतांना पाहतो, आणि चालविण्यापूर्वीं एवढेंच म्हणतो, 'दोरी सैल सोड.' सैल दोरी धरणारा मोतद्दार घोडा आहे तसा दाखवितो. दोरी ताठ करण्याचा मोह त्याच्या हातांत क्षणोक्षणीं असतो. मालक शेजारींच उभा असतो, आणि सौदा मोडला तर त्याच्यावर ठपका येण्याचा संभव असतो. घेणाराचा पैसा, स्वाराचा जीव आणि त्या मुक्या जनावराचें पुढील आयुष्य, हीं तिन्ही त्या वेळीं त्याच्या बोटांत अडकलेलीं असतात.

शिलेदारीची पद्धत १९२१ च्या सुमारास बंद झाली. घोडदळांच्या जागीं रणगाडे आले, टांग्यांच्या जागीं मोटारी आल्या. लिलावांत आतां क्ष-किरणांनीं हाडें पाहतात आणि नळी घालून घशाची व श्वासनलिकेची तपासणी करतात. तरी शिंगरूं यंत्रासमोर उभें करावयाचें तर कोणीतरी त्याला धरावें लागतेंच, आणि भ्यालेल्या जनावराला शांत करणारा हात अजून यंत्रानें घडविलेला नाहीं. १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी शर्यत प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें जिंकली. तिचे मालक बडोद्याचे महाराज, तिचा स्वार एडगर ब्रिट; हीं नांवें शर्यतीच्या इतिहासांत आहेत. पहांटे उठून तिला दाणा-वैरण करणाऱ्याचें नांव त्यांच्या पंक्तीला बसलेलें नाहीं.

भाषेनें मात्र या माणसाचा मान निराळ्याच रीतीनें राखला आहे. सईस हा शब्द मूळ अरबी. घोड्याची निगा राखणें, त्याला वळण लावणें, असा त्याच्या धातूचा अर्थ, आणि त्याच धातूपासून सियासत, म्हणजे राजकारण, हा शब्द निघाला. मराठींत आज लोकसभेंत बसणाऱ्या प्रतिनिधीला खासदार म्हणतात. जुन्या मराठींत खासदार म्हणजे मोतद्दार. बळाच्या जनावराला न दुखवितां, न फसवितां चालविणें हें दोघांचेंहि काम मानलें, तर हा योगायोग अगदींच निरर्थक नव्हे. माळेगांवच्या बाजारांत आजहि डाव्या खांद्याशीं कोणीतरी दोरी धरून उभा असतो. घोडा पाहावयास जाणाऱ्यानें आधीं त्याच्या हाताकडे पाहावें. दोरी सैल आहे कीं ताठ, एवढें पाहिलें तरी अर्धी परीक्षा झाली.